'ड्रायड' या नोंदीची कामवही

५ जून

ग्रीक पुराणांतल्या शब्दांच्या मराठी व्युत्पत्तिकोशातलं 'ड' अक्षर आजपासून माझ्याकडे. पहिलाच शब्द ड्रायड: झाडाशी जिचं आयुष्य जोडलेलं आहे अशी तरुण स्त्रीरूपातली दिव्य व्यक्ती. मराठी भाषांतरांत तिची कधी वनदेवता होते, कधी वनपरी, कधी थेट अप्सरा. प्रतिशब्द ठरवण्याआधी शब्दाचं मूळ पक्कं करायचं, असं गटात ठरलं आहे.

सुरुवातीची जुळणी झाली. ग्रीक एकवचन 'द्रुआस', षष्ठी 'द्रुआदोस'. युरोपीय भाषांनी या दुसऱ्या रूपातलं अंग (विभक्तीचा प्रत्यय काढल्यावर उरणारा भाग) उचललं, म्हणून शब्दाच्या शेवटी 'ड' आला. नायड (पाण्यातली), ओरियड (डोंगरातली), इलियड, ऑलिम्पियाड या सगळ्यांत तोच प्रत्यय आहे. अंगातला स्वर आधी 'उ' होता. अ‍ॅटिक ग्रीकमध्ये (अथेन्सच्या बोलीत) ओठ गोल करून म्हटलेल्या 'इ'कडे तो झुकला, लॅटिनने तो 'वाय' या अक्षराने लिहिला आणि इंग्रजी तोंडात त्याचा 'आय' झाला. 'द्रु'चा 'ड्राय' होण्यामागे एवढीच वाटचाल आहे. कोशात उच्चार ड्रायडच ठेवायचा, पण व्युत्पत्तीच्या ओळीत सगळीकडे 'द्रु' लिहायचं. मराठी वाचकाला ओळख पटणार ती त्या 'द्रु'मधूनच.

'द्रुआस' आला 'द्रुस'वरून. 'द्रुस' म्हणजे पुढच्या ग्रीकमध्ये ओक, पण जुना अर्थ नुसतं झाड. याला पुरावा हवा, तो शोधायचा आहे.

८ जून

आज ध्वनिनियम. या नोंदीतला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण इथे वाचकाने आमच्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. त्याला स्वतः पडताळून पाहता येतं.

ग्रीक 'दोरु' म्हणजे लाकूड, खोड, भाला. संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड. ग्रीक 'गोनु' म्हणजे गुडघा, संस्कृत 'जानु' म्हणजेही गुडघा (आजानुबाहू आठवावा). दोन्ही जोड्यांत ग्रीकमधल्या 'ओ'च्या जागी संस्कृतात 'आ' येतो, आणि 'रु', 'नु' दोन्हीकडे तसेच राहतात. कार्ल ब्रुगमानने १८७६ मध्ये मांडलेला नियम हाच: दोन्ही भाषांच्या समान पूर्वज भाषेतला, म्हणजे मूळ, 'ओ' मोकळ्या (स्वराने संपणाऱ्या) अक्षरात असला की संस्कृतात त्याचा 'आ' होतो. 'दारु'चं आखूड रूप 'द्रु', आणि 'दोरु'शेजारी 'द्रुस' उभा आहे तो त्याच आखूड रूपावर. लांब आणि आखूड अशी ही जोडी दोन्ही भाषांनी वेगवेगळी सांभाळली.

इंग्रजीचा धागा ग्रिमच्या १८२२ च्या नियमाने लागतो. मूळ 'द' जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, 'ट' होतो. दोन–टू, दहा–टेन, दंत–टूथ, आणि त्याच रांगेत दारु–ट्री. इंग्रजी 'टार' (डांबर) आणि लाकडाची पन्हळ असलेला 'ट्रफ' याच घरचे. 'ट्रू' म्हणजे खरा, तोही इथलाच. भाव झाडासारखा घट्ट, न डगमगणारा.

बाकीची भावंडं भराभर नोंदवली: हित्ती 'तारु', अवेस्ता 'दाउरु', रशियन 'देरेवो' (झाड) आणि 'द्रोवा' (सरपण), पोलिश 'झेवो', लिथुआनियन 'देर्वा' (राळेचं लाकूड, डांबर), अल्बेनियन 'द्रु'. हे कुळ अनातोलियापासून (आजचं तुर्कस्तान) बाल्टिकपर्यंत पसरलं आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी सगळीकडे लाकूड आहे. देवता नाही.

९ जून

आणखी एक जोडी सापडली आणि ती फार सुंदर आहे. संस्कृत 'द्रुम', ग्रीक 'द्रुमोस'. घडण एकच: 'द्रु' आणि पुढे 'म'. आपल्याकडे द्रुम म्हणजे एक झाड, ग्रीकमध्ये द्रुमोस म्हणजे दाट झाडी. होमरच्या काव्यातही तो येतो. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार 'ध्रिमोस' होतो आणि राष्ट्रीय उद्यानाला 'एथ्निकोस ध्रिमोस' म्हणतात. १९३८ मध्ये ऑलिम्पस पर्वतावर ग्रीसचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच्या फलकावरचा शब्द आपल्या कल्पद्रुमातला आहे.

१० जून

मराठी वाचकाच्या हाताशी असलेले 'द्रु'चे वंशज गोळा केले.

देवदार: देवांचं लाकूड. दारुहळद: जिचं लाकूडच हळदीसारखं पिवळं. 'नागेशं दारुकावने' मधलं दारुकावन, ज्याची जागा महाराष्ट्र औंढा नागनाथला मानतो. द्रोण: ऋग्वेदात सोमरसाचं लाकडी पात्र, आणि पंक्तीत आपल्यासमोर येतो तो पानांचा. पाण्याची डोणी त्याचीच. द्रुपद: ऋग्वेदात शुनःशेपाला ज्याला बांधलं तो लाकडी खांब. म्हणजे महाभारतातले बालमित्र आणि पुढे हाडवैरी झालेले द्रोण आणि द्रुपद, दोघांच्या नावांत एकच लाकूड आहे. द्रोणाचार्यांचा जन्म द्रोणात झाला, ही कथा तर सर्वांना ठाऊकच.

'दारुण' बद्दल दोन मतं द्यावी लागतील. उणादिसूत्रं (संस्कृत व्याकरणातली शब्द सिद्ध करण्याची जुनी सूत्रं) करुण, वरुण, दारुण हे एकाच प्रत्ययाने सिद्ध करतात आणि दारुणच्या मुळाशी 'दॄ', म्हणजे फाडणे, धरतात. आधुनिक व्युत्पत्तिकार त्याला 'दारु'कडे नेतात: लाकडासारखं कठोर, म्हणून निष्ठुर. मला दुसरं मत पटतं, पण कोशात दोन्ही जातील.

१४ जून

'ड्रायड' हा शब्द होमरकडे मिळत नाही. इलियडमध्ये 'द्रुआस' येतो तो पुरुषाचं नाव म्हणून. नेस्टर जुन्या वीरांची आठवण काढतो त्यात एक द्रुआस आहे, आणि लायकर्गसचा बापही द्रुआसच. स्त्रीरूप व्यक्तींसाठी होमर डोंगरातल्या, झऱ्यांच्या, कुरणांच्या निम्फ, म्हणजे निसर्गात राहणाऱ्या तरुण दिव्य स्त्रिया, सांगतो.

तरी झाड आणि मुलगी यांची जवळीक त्याच्याकडे आहेच. ओडिसीच्या सहाव्या सर्गात समुद्रातून वाचलेला ओडिसियस नाउसिकाला पाहतो आणि म्हणतो की डेलॉस बेटावर अपोलोच्या वेदीजवळ खजुरीचं कोवळं झाड पाहिलं होतं, तसं खोड जमिनीतून पुन्हा कधी वर आलेलं पाहिलं नाही. खोडासाठी त्याने वापरलेला शब्द 'दोरु'. आपला 'दारु' एका राजकन्येच्या स्तुतीत.

जुना ग्रीक कवी हेसिओड याच्या थिऑगनीत, म्हणजे देवांच्या वंशावळीच्या काव्यात, पहिल्यांदा झाडाच्या जातीवरून नाव असलेल्या निम्फ भेटतात, त्या 'मेलिआई', अ‍ॅश वृक्षाच्या. आकाशदेव युरेनसचं रक्त पृथ्वीवर सांडलं त्यातून राक्षसी बळाचे गिगांतेस आणि सूडदेवतांबरोबर त्याही जन्मल्या. 'मेलिआ' म्हणजे अ‍ॅश, आणि अकिलीसचा भालाही मेलिआच, कारण त्याचा दांडा अ‍ॅशचा. दोरु आणि मेलिआ या दोन्ही शब्दांत झाड आणि भाला एकत्र नांदतात. ग्रीकांनी झाडाकडे पाहिलं ते आधी लाकूड म्हणून, आणि तरीही त्याच झाडात त्यांना रडणारी मुलगी दिसली. या दोन गोष्टी एकाच समाजाच्या आहेत, हे नोंदीत यायलाच हवं.

१६ जून

हॅमाड्रायड. हिची नोंद वेगळी करायची हे आज पक्कं केलं, कारण सगळ्या कल्पनेचा गाभा इथे आहे.

'हामा' म्हणजे बरोबर, एकाच वेळी. मूळच्या 'स'चा ग्रीकमध्ये शब्दारंभी 'ह' होतो: सप्त–हेप्टा. 'हामा' आपल्या 'सम्', 'सम' यांच्या कुळातला. ग्रीक 'होमोस' तर आपला 'सम'च आहे, अक्षराला अक्षर. म्हणजे हॅमाड्रायडची संस्कृत छाया काढायची तर ती 'सम' आणि 'द्रु': झाडाबरोबर जिचं असणं.

अ‍ॅफ्रोडायटीच्या जुन्या स्तोत्रात ही कल्पना पूर्ण उमललेली आहे, फक्त नाव नाही. देवी आपल्या मर्त्य प्रियकराला, अँकायसीसला, सांगते की आपल्या बाळाला, एनियसला, इडा पर्वतावरच्या निम्फ वाढवतील. त्या ना मर्त्यांत मोडतात ना अमरांत. त्या जन्मतात तेव्हा फर आणि ओक जमिनीतून वर येतात. मरण जवळ आलं की आधी झाड वाळतं, साल आक्रसते, फांद्या गळतात, आणि त्याच क्षणी तिचा प्राण सूर्यप्रकाश सोडतो. त्या 'त्याच क्षणी'साठी स्तोत्रातला शब्द 'होमू' आहे, पुन्हा आपला 'सम'.

कवी कॅलिमाकसच्या डेलॉस स्तोत्राने ५ जूनचा प्रश्न ('द्रुस'चा जुना अर्थ) सोडवला. हेलिकॉन डोंगर हादरताना मेलिआ नावाची निम्फ नाच थांबवते, तिचे गाल पांढरे पडतात, कारण तिच्याच वयाचा वृक्ष हलतो आहे. मेलिआ म्हणजे अ‍ॅश, आणि तिच्या वृक्षाला कवी म्हणतो 'द्रुस'. अ‍ॅशच्या मुलीचं झाड ओक कसं असेल? इथे 'द्रुस' म्हणजे झाड, हाच अर्थ नीट बसतो. पुढे कवी विचारतो, निम्फ जन्मल्या तेव्हाच झाडं जन्मली हे खरं का? उत्तर येतं: पावसाने झाडं वाढतात तेव्हा निम्फ आनंदतात, आणि झाडांवर पान उरत नाही तेव्हा निम्फ रडतात.

दुसरा पुरावा ग्रीक लेखक अथेनियसकडून. ऑक्सिलस आणि हॅमाड्रायस यांच्या आठ मुली, आठींना झाडांची नावं: अक्रोड, ओकफळ, कॉर्नेल, तुती, पॉप्लर, एल्म, द्राक्षवेल, अंजीर. या सगळ्या मिळून हॅमाड्रायड. ओकपुरता शब्द असता तर अंजीर आणि द्राक्षवेल त्यात आल्या नसत्या.

१७ जून

कालच्या नोंदीला जोड. अपोलोनियसच्या काव्यात पॅरिबियसच्या बापाची गोष्ट आहे. डोंगरात एकटा झाडं तोडत असताना हॅमाड्रायड त्याला रडून विनवते, माझ्या वयाच्या या ओकचं खोड तोडू नकोस. तरुणपणाच्या मस्तीत तो तोडतो. मुलाच्या नशिबी राब राब राबणं येतं आणि हाताशी काही उरत नाही, तो शापाचा भोग. द्रष्टा फिनियस मुलाला वेदी बांधून प्रायश्चित्त करायला सांगतो तेव्हा त्याची सुटका होते.

आयुष्यमानासाठी प्लुटार्कने दिलेला हेसिओडचा उतारा घेतला. कावळा माणसाच्या नऊ पिढ्या जगतो, सांबर चार कावळ्यांइतकं, डोमकावळा तीन सांबरांइतका, फिनिक्स नऊ डोमकावळ्यांइतका आणि निम्फ दहा फिनिक्सइतकी. प्लुटार्कच्या संवादात पिढी म्हणजे एक वर्ष धरून गुणाकार होतो, ९,७२० वर्षं. प्रचंड, पण मोजता येणारं.

२१ जून

प्रतिशब्दाचा वाद आज बैठकीत निघाला. गटातल्या संस्कृतच्या बाईंचा आग्रह 'वनदेवता'चा. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वांच्या आश्रमातल्या झाडांतून वनदेवतांचे हात बाहेर येऊन शकुंतलेला दागिने देतात, तेव्हा शब्द रुळलेला आहे आणि चित्रही जवळचं आहे, असं त्यांचं म्हणणं. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात अश्वत्थ आणि न्यग्रोध या महावृक्षांपाशी अप्सरांना परत जायला सांगितलं आहे, हेही त्यांनी दाखवलं. दोन्ही दाखले भक्कम आहेत आणि दोन्ही तुलनेच्या ओळीत घेतले.

माझा आक्षेप नात्यावर आहे. देवराईतली देवता राईची धनी असते. तिच्या हद्दीतली काटकी उचलली तर ती कोपते, पण एक झाड वठलं म्हणून ती मरत नाही. पाली विनयात (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात) तर हा फरक उघड दिसतो. आळवी इथला एक भिक्खू झाड तोडतो, त्या झाडातली रुक्खदेवता त्याला अडवते, तरी तो ऐकत नाही आणि तिच्या बाळाच्या हातावर घाव बसतो. ती बुद्धांकडे जाते. बुद्ध तिला दुसरं मोकळं झाड दाखवतात, आणि भिक्खूंसाठी वनस्पती न तोडण्याचा नियम होतो. दुःख तितकंच खरं, पण रुक्खदेवतेला घर बदलता येतं. हॅमाड्रायडला ते शक्य नाही. झाड हे तिचं घर नव्हे, ते तिचं शरीर आहे.

यक्षीचाही विचार झाला. भारहूतच्या कठड्यावर झाडाला बिलगून उभी असलेली चंद्रा यक्षी (तिचं नाव तिथेच कोरलेलं आहे) किंवा सांचीच्या पूर्व तोरणावरची शालभंजिका (झाडाची फांदी धरून उभी असलेली स्त्रीमूर्ती) पाहिली की ड्रायडच आठवते. मराठी वाचकासाठी आणखी जवळची गोष्ट म्हणजे पॉम्पेईची हस्तिदंती मूर्ती. ७९ साली व्हेसुवियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली ही भारतीय बाहुली १९३८ मध्ये सापडली. तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाल्या आहेत, म्हणून तिचा उगम सातवाहनांच्या मुलखात असावा असं अनेक अभ्यासक मानतात. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता पुष्कळजण यक्षी म्हणतात. मूर्ती मात्र इटलीला पोचली, शब्द पोचला नाही. 'यक्ष'चा 'द्रु'शी संबंध नाही, तेव्हा व्युत्पत्तीत ती येणार नाही. चित्रासोबतच्या मजकुरात घेऊ.

२४ जून

ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित. पहिल्या शतकात रोमन लेखक थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या सोळाव्या खंडात लिहून ठेवलं की ड्रुइड ओकच्या राया निवडतात, तेव्हा त्यांचं नाव ग्रीक शब्दावरून आलं असं वाटू शकेल. नाव ग्रीक नाही, केल्टिकच आहे, पण प्लिनीचा कान बरोबर होता. पहिला भाग 'द्रु', अर्थ ओक किंवा भक्कम, आणि दुसरा 'विद्', तोच जो वेद आणि विद्येत आहे. द्रु आणि विद् दोन्ही आपले, जोडणी त्यांची.

वेल्शमध्ये ओक म्हणजे 'देर्व'. आयर्लंडमधलं किल्डेअर म्हणजे ओकचं चर्च, डेरी म्हणजे ओकची राई.

२८ जून

शब्द उसना न घेता अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा इतरांनी काय केलं, हे आज पाहिलं.

जुन्या इंग्रजीतल्या लॅटिन शब्दसूच्यांत ड्रायडसमोर 'वुडु-एल्फेन' लिहिलेलं आहे: रानातल्या एल्फ स्त्रिया (एल्फ म्हणजे तिकडच्या लोककथांतले अद्भुत जीव). ओरियडसमोर डोंगरातल्या, नायडसमोर समुद्रातल्या. शेवटचं 'एन' हे स्त्रीलिंग करण्यासाठी, फॉक्सची व्हिक्सन होते त्यात तेच उरलं आहे. त्या लेखनिकांच्या मनात एल्फ पुरुष होता, म्हणून त्यांना स्त्रीरूप घडवावं लागलं. कुणातरी मठातल्या माणसाने परक्या पुराणातल्या मुलींसाठी आपल्या भाषेत अशी नेटकी मालिका बसवली, याचा मला फार आदर वाटतो. आमचं काम तेच आहे.

डॅनिश लोककथेत एल्डरच्या झाडात 'हिल्डेमोर' राहते, एल्डरची आई. फांदी तोडण्याआधी तिची परवानगी मागायची. कल्पना शेजारची, शब्द वेगळ्या मुळाचा.

२ जुलै

विज्ञानातली भटकंती, नोंदीत दोन ओळींत बसवायची.

लिनियसने १७५३ मध्ये थंड प्रदेशातल्या एका बुटक्या, आठ पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलाला 'ड्रायस ऑक्टोपेटाला' नाव दिलं, कारण पानं ओकच्या पानांसारखी. या फुलाचे अवशेष युरोपातल्या जुन्या थरांत सापडले, म्हणून १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या त्या अचानक थंड काळाला 'यंगर ड्रायस' म्हणतात. हवामानबदलावरच्या मराठी लेखांत हा शब्द येतो आणि तो कुठून आला हे कुणी सांगत नाही. आता सांगता येईल.

दुसरं उदाहरण आपल्या घाटातलं. कँटरने १८३६ मध्ये नागराजाला (किंग कोब्रा) 'हॅमाड्रायस' प्रजाती दिली. ते नाव फुलपाखरांच्या एका प्रजातीला आधीच दिलेलं होतं, म्हणून १८६४ मध्ये गुंथरने 'ओफिओफॅगस', म्हणजे सापखाऊ, हे नाव आणलं. तरी इंग्रज शिकाऱ्यांच्या आणि निसर्गअभ्यासकांच्या लिखाणात तो पुढे कितीतरी वर्षं 'हॅमाड्रायड'च राहिला. त्या लिखाणाचं भाषांतर करणाऱ्याने हॅमाड्रायड दिसताच परी आणू नये, नागराज लिहावं. गोव्यातही दिसणारा पश्चिम घाटातला नागराज २०२४ पासून 'ओफिओफॅगस कालिंगा' ही वेगळी जाती मानला जातो.

६ जुलै

वाचक हमखास विचारतील असे दोन शब्द, त्यांची टीप तयार केली.

दार 'दारु'चं नाही. ते द्वार, ग्रीक 'थुरा', इंग्रजी 'डोअर'. इंग्रजीत 'द'चा 'ट' व्हायला हवा होता, तो इथे झालेला नाही, म्हणजे मुळात 'द' नव्हताच, 'ध' होता. संस्कृतातला 'ध' 'द्वि'च्या ओढीने 'द' झाला असं सहसा मानतात, दाराला झडपा दोन असतात म्हणून.

पिण्याची दारू फारसीतून आली, तिथे अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात मराठीने तो अर्थ अजून जपला आहे. देवदाराच्या ओळीत तिला बसवायचं नाही.

१० जुलै

प्रतिशब्द ठरला. मुख्य शब्द ड्रायड, त्यापुढे 'द्रुमकन्या'. माझा मुद्दा असा होता: 'द्रुम' हा 'द्रुस'चा सख्खा भाऊ, आणि ग्रीक 'निम्फे'चा रोजचा अर्थ नवरी, उपवर मुलगी, तेव्हा कन्या चपखल बसते. रोमन कवी व्हर्जिलही आपल्या जॉर्जिक्स काव्याच्या आरंभी त्यांना 'ड्रायड मुली' म्हणूनच हाक मारतो. संस्कृतच्या बाईंनी मान्यता दिली आणि 'वनदेवता पाहा' अशी उलट नोंदही सुचवली, ती घेतली.

हॅमाड्रायडसाठी मी 'समद्रुमा' सुचवलं होतं. ऐकायला गोड आहे, पण वाचकाला पहिल्या भेटीत अर्थ लागणार नाही, असं बहुमत झालं. शब्द व्युत्पत्तीच्या ओळीत राहील, शीर्षकात जाणार नाही. शीर्षकाखाली अर्थ सरळ वाक्यात: 'जिचा जन्म आणि मृत्यू एकाच झाडाबरोबर होतो ती निम्फ'.

दोन्ही नोंदी मुद्रितशोधनाला दिल्या. 'न' अक्षर पाहणाऱ्या सहकाऱ्यासाठी चिठ्ठी: आजच्या ग्रीकमध्ये रानातल्या, झऱ्यातल्या, झाडातल्या सगळ्या पऱ्यांना 'नेराइडा' हा एकच शब्द आहे आणि तो समुद्रातल्या नेरीडवरून आला आहे. तेव्हा 'नेरीड'च्या नोंदीत 'ड्रायड पाहा' असं लिहावं, आणि ओकला हल्ली ग्रीक लोक बोलताना 'वेलानिद्या' म्हणतात हेही तिथेच द्यावं.